धाब्याचा कठडा आणि राजाची नजर

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, अनुवाद २४:१०-११, २ शमुवेल ११:१-५, मत्तय ६:६



मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानसा नियम आहे. वाचताना आपली दृष्टी सहसा त्यावर थांबत नाही. जो कोणी नवे घर बांधील त्याने घराच्या धाब्याला कठडा करावा. न केल्यास आणि कोणी वरून पडल्यास त्या रक्तपाताचा दोष त्या घरावर येईल, असा त्या नियमाचा आशय आहे. पॅलेस्टाईनमधील घरांची धाबी सपाट असत. राहाबेने धाब्यावर जवसाची ताटे पसरून ठेवली होती व त्यांतच तिने हेरांना लपविले. पेत्र यापो येथे दुपारच्या प्रार्थनेसाठी धाब्यावर गेला आणि तेथेच त्याला दर्शन झाले. धाबे म्हणजे कामाची जागा, विसाव्याची जागा, प्रार्थनेचीही जागा. मुले तेथे खेळत, आणि पडतही असत. म्हणून परमेश्वराने धाबे पाडून टाकण्याची आज्ञा दिली नाही. कठडा बांधण्याची दिली.

आज आपल्या प्रत्येकाच्या घराला असे एक नवे धाबे झाले आहे. त्याचे नाव इंटरनेट. त्याच्यावर उभे राहिले की सारे जग दिसते. २०२० साली महामारीमुळे मंदिरांची दारे बंद झाली तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांनी याच धाब्यावरून उपासना केली. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बंगळूर येथे विखुरलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना मातृभाषेतील वचन आज याच मार्गाने ऐकावयास मिळते. हे देवाचे दान आहे असे म्हणावयास मी कचरत नाही. पण याच धाब्यावरून आपली मुले पडतही आहेत. अश्लील चित्रे आणि चित्रफिती शोधाव्या लागत नाहीत. त्याच मुलांना शोधीत येतात. मग कठडा कोणी बांधावयाचा? सरकारने, मंडळीने, की आईबापांनी? आणि कठडा बांधण्याच्या निमित्ताने कोणी आपल्या घरात डोकावू लागला तर त्याला आपण काय म्हणावयाचे? या दोन्ही प्रश्नांचा विचार आज वचनाच्या प्रकाशात एकत्र करू या. एकत्र अशासाठी, की पवित्र शास्त्रातही ते एकाच धाब्यावर एकत्र आले आहेत.

सरकारने बांधलेला कठडा

प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिताना राज्याधिकाऱ्याला आपल्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक म्हटले आहे. तेव्हा राज्यकर्त्यांनी जे चांगले केले आहे त्याची प्रथम कृतज्ञतेने नोंद घेतली पाहिजे.

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. त्याच्या ६७ व्या कलमाने संगणकाच्या माध्यमातून अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे किंवा पाठविणे हा गुन्हा ठरविला. २००८ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली व ती पुढच्या वर्षी लागू झाली. उघड लैंगिक कृत्याची दृश्ये प्रसृत करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद झाली. मुलांची तशी दृश्ये असतील तर ती प्रसृत करणेच नव्हे, तर शोधणे, पाहणे व उतरवून घेणेही गुन्हा ठरले. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आले, त्याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नाही. कोणाच्याही संमतीवाचून त्याच्या खासगी अवयवांचे चित्र घेणे अथवा पसरविणे हा स्वतंत्र गुन्हा मानला गेला आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे अश्लीलता आणि माणसाच्या खासगीपणाचा भंग, या दोन गोष्टी कायद्याने शेजारी शेजारी ठेवल्या. हे शहाणपणाचे झाले.

२०१२ साली बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा, ज्याला आपण पॉक्सो म्हणतो, आला. २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या व्यक्तीचे नग्न वा खासगी चित्र पसरले आणि तिने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली, तर संबंधित कंपनीने ते ठरावीक मुदतीच्या आत काढण्यासाठी उपाय केले पाहिजेत. आणि २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. मुलांची अशी दृश्ये केवळ स्वतःच्या फोनवर बाळगली, कोणाला पाठविली नाहीत, तर गुन्हा होत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. इतकेच नव्हे, तर अशा दृश्यांना ‘बाल अश्लील चित्रण’ म्हणूच नये, ते बालकांचे लैंगिक शोषण व अत्याचार आहे आणि त्याला त्याच नावाने ओळखावे, असे सुचविले. नाव बदलल्याने काय होते, असे कोणी विचारील. पुष्कळ होते. ‘चित्र’ म्हटले की पाहणारा स्वतःला निव्वळ प्रेक्षक समजतो. ‘अत्याचार’ म्हटले की त्या चित्रामागे एक लेकरू रडत आहे हे त्याच्या ध्यानात येते. लहानांपैकी एकाला अडखळविणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडविणे बरे, असे आपला प्रभू म्हणाला, ते याच लेकरांविषयीच्या कळवळ्याने.

कठड्याची मर्यादा

पण कठडा माणसाला पडण्यापासून अडवितो. त्याच्या डोळ्यांना अडवीत नाही.

२०१३ साली इंदूरच्या एका वकिलाने सर्व अश्लील संकेतस्थळांवर बंदी घालावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१५ च्या जुलैत सुनावणीच्या वेळी तत्कालीन सरन्यायाधीश दत्तू यांनी प्रश्न केला, की प्रौढ मनुष्य आपल्या खोलीच्या चार भिंतींआड काय पाहतो हे न्यायालय कसे रोखणार? तरीही त्याच महिन्याच्या ३१ तारखेस केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. त्या यादीत अश्लील नसलेली, केवळ विनोदाची अशीही काही स्थळे सापडली. चार-पाच दिवसांतच आदेश सैल करावा लागला. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पुन्हा ८२७ स्थळे बंद करण्यात आली. पण एक पत्ता बंद झाला की त्याच दुकानाची पाटी दुसऱ्या पत्त्यावर लागते. आणि आडवाटेने आत शिरण्याची युक्ती आठवीतल्या मुलालाही ठाऊक असते. बंदीचा उपयोगच नाही असे मी म्हणत नाही. लहान मूल चुकून त्या दारात जाऊ नये एवढे तिच्याने साधते आणि तेही थोडके नाही. मात्र ज्याला जावयाचेच आहे त्याला ती थोपवू शकत नाही.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. कायद्याचे शब्द मोघम असले की कठडा कोसळून निरपराध माणसाच्याच अंगावर पडतो. याच माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ नावाचे कलम होते. एखादा मजकूर ‘अत्यंत आक्षेपार्ह’ वाटला किंवा त्याने कोणाला ‘त्रास’ झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबईतील बंदविषयी एका तरुणीने पालघरहून फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्याची खूण केली, आणि दोघींना अटक झाली. त्यांच्या शब्दांत अश्लील काहीही नव्हते. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. वाचकहो, हा धडा विसरू नका. वाईटाला आळा घालण्यासाठी दिलेली काठी कोणाच्या पाठीवर उतरेल हे काठी देणाऱ्याच्या हाती राहत नाही.

राजाची नजर

आता आपण दुसऱ्या धाब्याकडे वळू. राजे युद्धास निघण्याच्या दिवसांत दावीद यरुशलेमेतच राहिला. संध्याकाळी तो पलंगावरून उठून राजवाड्याच्या गच्चीवर फिरू लागला आणि तेथून त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. त्या गच्चीला कठडा होता की नव्हता हे शास्त्र सांगत नाही. नियमशास्त्र पाळणाऱ्या राजाच्या वाड्याला तो असणारच असे आपण धरून चालू. दावीद गच्चीवरून पडला नाही. तरीही त्या संध्याकाळी त्याच्याइतका खोल कोणी पडला नसेल.

या अध्यायावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. त्यांत बहुधा डोळ्यांच्या मोहाविषयी सांगितलेले असते आणि ते योग्यच आहे. कुमारिकेकडे वाईट दृष्टीने पाहावयाचे नाही असा करार ईयोबाने आपल्या डोळ्यांशी केला होता. दावीद तो विसरला. कामवासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे, असे प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात शिकविले. पण या कथेत आणखी एक गोष्ट आहे. पाहणारा मनुष्य साधा नव्हता. तो राजा होता.

पुढची पावले मोजून पाहा. त्याने पाहिले. मग माणूस पाठवून ती कोण आहे याची चौकशी केली. तिच्या बापाचे नाव कळले, नवऱ्याचे नाव कळले. म्हणजे राजाच्या हाती तिची सर्व माहिती आली. मग दूत पाठवून तिला आणविले. शेवटी उरीयाच्याच हाती बंद पत्र देऊन त्या पत्राने त्याचा जीव घेतला. पाहणे, माहिती काढणे, उचलून आणणे, नाहीसे करणे; सत्तेची नजर या पायऱ्यांनी खाली उतरते. बथशेबा राजासमोर आली नव्हती. राजाची नजर तिच्यापर्यंत पोहोचली होती. आणि म्हणून नाथान संदेष्टा आला तेव्हा तो बथशेबेच्या दारी गेला नाही. तिने उघड्यावर स्नान का केले, असे त्याने विचारले नाही. एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या धनवानाची गोष्ट सांगून त्याने थेट राजाकडे बोट केले.

घराच्या आतील जागा त्या घराची असते ही गोष्ट देवाने आपल्या लोकांना फार पूर्वी शिकविली होती. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात कर्जाविषयी नियम आहे. शेजाऱ्याला काही उसने दिले तर गहाण आणण्यासाठी सावकाराने त्याच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने स्वतः गहाण बाहेर आणून द्यावे. सावकाराचा हक्क खरा होता. कर्जही खरे होते. तरीही उंबरठ्याच्या आत त्याला पाऊल टाकावयाचे नव्हते. गरिबाच्या घराची अब्रू देवाने त्याच्या कर्जाहून मोठी मानली.

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी याच जातीचे एक सत्य कायद्याच्या भाषेत सांगितले. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असून तो जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कातच सामावलेला आहे. सरकारला त्यावर बंधन घालता येईल. पण त्यासाठी कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा.

हा निर्णय ख्रिस्ती माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. त्याच्या पाच वर्षे आधी, २०१२ च्या ऑगस्टमध्ये, हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडियाच्या याचिकेवर असाच विचार मांडला होता. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, ही त्या राज्याच्या कायद्यातील अट न्यायालयाने रद्द केली. माणसाला जसा श्रद्धेचा हक्क आहे, तसाच आपली श्रद्धा स्वतःपाशी ठेवण्याचाही हक्क आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे २०१९ साली त्या राज्याने नवा कायदा करून पूर्वसूचनेची अट पुन्हा आणली. म्हणजे हा प्रश्न संपलेला नाही.

म्हणून सरकारने सर्वांच्या फोनवर नजर ठेवून अश्लीलता निपटून काढावी, असे जेव्हा आपल्यातील सज्जन माणसे म्हणतात, तेव्हा मला थांबून विचारावेसे वाटते. २०२१ च्या नियमांत संदेश प्रथम कोणी धाडला हे शोधून देण्याची मोठ्या कंपन्यांवर सक्ती आहे; त्याने प्रत्येक संदेशाचे कुलूप मोडेल, असे म्हणून व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. मुलांवरील अत्याचार करणारा हुडकून काढता यावा, हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. सर्वांचे कुलूप एकाच किल्लीने उघडेल, ही भीतीही खोटी नाही. ब्रिटनमध्ये २०२५ च्या जुलैपासून अशा संकेतस्थळांना पाहणाऱ्याच्या वयाची खात्री करून घेणे बंधनकारक झाले. मुले वाचावीत हा हेतू उत्तम. पण प्रत्येकाची ओळख तपासावयाची म्हणजे ती ओळख कोणाच्या तरी हाती जावयाची. आपल्याकडील २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्याआधी आईबापांची संमती आवश्यक केली आहे, हे चांगले झाले. परंतु त्याच कायद्याने सरकारला आपल्या काही यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकारही दिला आहे. जी नजर आज शेजाऱ्याच्या पापावर रोखावी असे आपल्याला वाटते, तीच उद्या आपल्या प्रार्थनासभेवर रोखली गेली तर?

राज्यकर्त्यांचा द्वेष करावा असा याचा अर्थ नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, त्यांच्या चांगल्या कायद्यांना साथ द्यावी, आणि नाथानाप्रमाणे त्यांना मर्यादेची आठवण करून द्यावी. कठडा मागावा. मात्र गच्चीवर उभ्या असलेल्या राजाला दुर्बीण देऊ नये.

माझी स्वतःची एक कबुली

इथवर मी सरकारविषयी लिहिले. ते सोपे होते. आता जे लिहितो ते सोपे नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका मंडळीची सेवा करीत होतो. तेथील एका कुटुंबातील मुलीचा विवाह ठरला होता, तो मोडला. ज्याच्याशी मोडला त्याने सूड म्हणून तिचे एक खासगी छायाचित्र पसरविले. आठवड्याभरात ते आमच्या मंडळीतील कित्येक फोनांवर पोहोचले. एका प्रतिष्ठित बंधूने ते मलाही पाठविले आणि खाली लिहिले, “पाळकसाहेब, या कुटुंबासाठी प्रार्थना करा.”

मी ते पुसून टाकले. पण त्या बंधूला एका शब्दाने बोललो नाही. मुलीच्या घरी गेलो नाही. पुढल्या रविवारी मात्र मी मोबाईलच्या दुष्परिणामांवर आणि आजच्या मुलींच्या मर्यादेवर मोठ्या आवेशाने प्रवचन केले. नाव कोणाचेच घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. चौथ्या बाकावर तिची आई मान खाली घालून बसली होती. त्यानंतर ते कुटुंब उपासनेस आले नाही.

काही महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. आईने मला आत बोलाविले नाही. दारातच ती म्हणाली, “साहेब, फोटो पाठवणारा एक होता. बघणारे सगळे होते. पण तुम्ही उपदेश केलात तो आमच्याच मुलीला.”

मी तिची क्षमा मागितली. तिने मान हलविली आणि दार लावून घेतले. ते कुटुंब आज दुसऱ्या मंडळीत जाते, आणि ती दुसरी मंडळी आमच्यापेक्षा बरी असो, अशी माझी प्रार्थना आहे. नाथान बथशेबेच्या दारी जाब विचारावयास गेला नाही, हे मी कितीदा शिकविले होते; पण वेळ आली तेव्हा मी नाथान झालो नाही.

नोहा आपल्या डेऱ्यात उघडा पडला होता तेव्हा एका मुलाने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. इतर दोघांनी खांद्यावर वस्त्र घेतले, ते पाठमोरे चालत आत गेले आणि बापाची लाज त्यांनी झाकली. त्यांनी तोंडे फिरविलेलीच ठेवली. ज्याने सांगितले त्याने कदाचित काळजीच्या सुरातच सांगितले असेल. ‘प्रार्थना करा’ असेही म्हटले असेल. पण शास्त्राने आशीर्वाद दिला तो झाकणाऱ्यांना.

आपण काय करावे?

प्रथम, असे चित्र आपल्या फोनवर आले तर ते पाहू नका आणि कोणत्याही निमित्ताने पुढे धाडू नका. प्रार्थनेसाठी पुढे धाडणे हेही पुढे धाडणेच. कायद्यापुढेही आणि देवापुढेही. पाठविणाऱ्याला एकांतात, पण स्पष्ट शब्दांत सांगा की हा गुन्हा आहे आणि पापही आहे. चित्र लहान मुलाचे असेल तर पोलिसांना कळविणे हे आपले कर्तव्यच आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदविता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. ज्या संकेतस्थळावर चित्र आहे त्या कंपनीकडेही त्वरित तक्रार करा. नियमांनी घातलेली मुदत ही आपल्या हाताशी असलेली मदत आहे. आणि त्या मुलीच्या घरी जा. प्रवचन घेऊन जाऊ नका. तिच्या आईजवळ नुसते बसलात तरी पुरे.

दुसरे, आईबापांनो, आपल्या घराचा कठडा आपण बांधा. लहान मुलाच्या हाती फोन एकांतात देऊ नका. तो बैठकीच्या खोलीतच राहू द्या. शरीराविषयीचे ज्ञान त्याला बाहेरच्या घाणीतून मिळण्यापूर्वी तुमच्या तोंडून, लाज न बाळगता मिळू द्या. परंतु मूल वाढते तसा कठडा बदलावा लागतो. सतरा वर्षांच्या मुलाचा फोन चोरून तपासणारा बाप त्याला पवित्रता शिकवीत नाही. तो त्याला लपविणे शिकवितो. त्याच्याशी बोला, आणि त्याआधी आपला स्वतःचा फोन त्याच्यासमोर उघडा ठेवता येईल असे वागा.

तिसरे, जो या व्यसनात सापडला आहे त्या बंधूशी मला बोलावयाचे आहे. तुझी लाज मला समजते. रात्री दार लावून तू जे पाहतोस त्याने तुझी प्रार्थना सुकली आहे, आणि आपण एकटेच असे आहोत असे तुला वाटते. तू एकटा नाहीस. याकोबाने आपल्या पत्रात एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले आहे. तोंड बंद ठेवू शकेल असा एक विश्वासू मनुष्य शोध आणि त्याच्याजवळ मन मोकळे कर. आणि ज्याच्याजवळ अशी कबुली येईल त्याने ती मंडळीच्या कानी घालू नये. गलतीकरांस पत्रात सौम्यतेने ताळ्यावर आणण्याची आज्ञा आहे. चव्हाट्यावर आणण्याची नाही.

एकांतात पाहणारा देव

शेवटी एक गोष्ट राहते. सरकारची नजर चार भिंतींआड जाऊ नये असे आपण म्हणतो. पण त्या चार भिंतींआड कोणीच पाहत नाही असे ख्रिस्ती मनुष्य म्हणू शकत नाही. प्रभू येशूने सांगितले की आपल्या खोलीत जाऊन, दार लावून घेऊन प्रार्थना करावी. गुप्तपणे पाहणारा पिता तिची फेड करील. पाहा, दार लावावयास प्रभूनेच सांगितले आहे. बंद खोली ही सैतानाची मालमत्ता नव्हे. ती प्रार्थनेची जागा आहे, आणि म्हणूनच तिचे रक्षण झाले पाहिजे. ज्या दाराआड आपण पाप करू शकतो त्याच दाराआड आपण गुडघेही टेकू शकतो. दार काढून टाकल्याने पाप जात नाही. गुडघे टेकावयाची जागा मात्र जाते.

आणि देवाची नजर राजाच्या नजरेसारखी नाही. रानात पळून गेलेल्या हागारेला तिच्या धनिणीने छळले होते. तिला कोणी विचारणारा नव्हता. देवाने तिला पाहिले, तिच्या नावाने हाक मारली, आणि तिने त्याला पाहणारा देव असे नाव दिले. राजाच्या नजरेने बथशेबेचे घर मोडले. देवाच्या नजरेने एका दासीला जगण्याचे बळ मिळाले. राजा घेण्यासाठी पाहतो. आपला देव तारण्यासाठी पाहतो.

एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र दाविदाच्या नावाने आहे. आपले बसणे-उठणे देवाला ठाऊक आहे, त्याच्यापासून पळून जावयाची जागा नाही, असे त्यात म्हटले आहे. पण शेवटी कवी पळावयाचे सोडून देतो आणि आपले अंतःकरण तपासून पाहण्याची देवालाच विनंती करतो. ज्याच्या नजरेने दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त केले, त्याला अखेर कळले की आपल्यावर कोणाची नजर असावी. प्रिय वाचका, आज रात्री फोन खाली ठेवण्यापूर्वी तीच विनंती तूही कर.

प्रार्थना : हे सर्वदर्शी पित्या, आमच्या लेकरांना पडण्यापासून राख. आमच्या राज्यकर्त्यांना कठडे बांधण्याची बुद्धी दे आणि दुसऱ्याच्या उंबरठ्याशी थांबण्याचा संयम दे. ज्यांची लाज जगाने उघडी केली त्या तुझ्या लेकींवर तू आपले वस्त्र पसर. आणि आम्ही जे पाहत राहिलो, त्या आमच्या डोळ्यांना क्षमा कर व शुद्ध कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.